आइसचा निधी कापायचा म्हणजे नेमकं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो. एडिसन-आयसेलिनच्या पट्ट्यात आपल्या माणसांच्या घरी जेवायला गेलं की पूर्वी दोनच विषय असायचे, घरांच्या किमती आणि मुलांची कॉलेजं. गेल्या वर्षभरात तिसरा आला आहे, आइस, म्हणजे परदेशी माणसांची धरपकड आणि हद्दपारी करणारी अमेरिकेची केंद्रीय यंत्रणा. कोणी म्हणतं, 'यांचे पैसे बंद करायला हवेत.' कोणी म्हणतं, 'पैसे बंद केले तर चोर मोकाट सुटतील.' पैसे येतात कुठून आणि बंद करायचे म्हणजे काय करायचं, हे बहुतेकांना माहीत नसतं. माझा व्यवसाय हिशेबाचा आहे. त्यामुळे घोषणा ऐकली की मी आधी खतावणी उघडतो. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र ठेवतो आहे.

आइस म्हणजे सीमेवरचे पोलिस का?

नाही. सीमेवर आणि विमानतळावर जे भेटतात ते 'सीबीपी'चे लोक. आइस देशाच्या आत काम करते. माणसं शोधणं, पकडणं, डिटेन्शनमध्ये (ताब्यात) ठेवणं आणि हद्दपार करणं हे तिचं काम. एच-वन-बीचे आणि ग्रीन कार्डचे अर्ज पाहणारी 'यूएससीआयएस' तिसरी. तिन्ही होमलँड सिक्युरिटी खात्याखाली येतात. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये कायदा झाला, २००३ मध्ये ही खाती उभी राहिली. त्याआधी इमिग्रेशनचं सगळं काम न्याय खात्यातली 'आयएनएस' बघायची. म्हणजे आइसचं वय जेमतेम बावीस-तेवीस वर्षं. माझी मुलगी तिच्यापेक्षा मोठी आहे.

आइसला पैसे कोण देतं?

काँग्रेस. (आपली नव्हे, इथली संसद.) आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी बारा विनियोजन विधेयकं (वर्षाच्या खर्चाला मंजुरी देणारी) मंजूर व्हायला हवीत, त्यातलं एक होमलँड सिक्युरिटीचं. वेळेत झालं नाही तर आपल्या लेखानुदानासारखी तात्पुरती सोय करतात, तीही झाली नाही तर सरकार ठप्प. नेहमीच्या विनियोजनाला सिनेटमध्ये १०० पैकी ६० मतं लागतात. त्यामुळे अल्पमतातल्या पक्षालाही अडवून धरता येतं आणि बदल्यात काहीतरी मागून घेता येतं.

आपल्या लोकसभेत कपात सूचना असते. शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवायची आणि त्या निमित्ताने खात्यावर तासभर बोलायचं. इथे तसं नाही. इथली कपात खरी असते, म्हणून ती होणंही अवघड.

मग सोपं आहे की. पुढच्या वर्षी पैसे मंजूरच करायचे नाहीत!

मुख्य गोम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०२४ पर्यंत आइसचं वर्षाचं बजेट साधारण १० अब्ज डॉलरच्या आत-बाहेर असायचं. त्यातले सुमारे साडेतीन अब्ज डिटेन्शनवर जायचे. दरवर्षी घासाघीस व्हायची, थोडं वर, थोडं खाली.

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी 'वन बिग ब्यूटिफुल बिल' या कायद्यावर सही केली. त्यात डिटेन्शनसाठी ४५ अब्ज डॉलर आणि आइसच्या धरपकडीसाठी, भरतीसाठी, हद्दपारीसाठी साधारण ३० अब्ज डॉलर एकरकमी दिले. सीमेवरची भिंत वगैरे धरून इमिग्रेशनवरचा एकूण आकडा १७० अब्जांच्या घरात जातो. हे पैसे ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येतात.

शिवाय हा कायदा 'रिकन्सिलिएशन' नावाच्या आडवाटेने मंजूर झाला. त्या वाटेने ६० मतं लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. सिनेटमध्ये ५०-५० मतं पडली आणि उपराष्ट्रपती व्हान्स यांच्या एका मताने तो पार पडला. विरोधकांच्या संमतीची गरज उरली नाही, त्यामुळे बदल्यात त्यांना काही द्यावंही लागलं नाही.

एखाद्या मुलाला दरमहा खर्चाला पैसे देत असाल तर महिन्याच्या शेवटी त्याला हिशेब विचारता येतो. चार वर्षांचे पैसे एकदम त्याच्या खात्यात टाकले, की पहिल्या तारखेला 'या महिन्यात देणार नाही' म्हणण्यात काय दम राहिला? वार्षिक विनियोजन अडवून आइस बंद पडेल असं जे समजतात, त्यांना हे ४ जुलैचं पान दाखवायला हवं.

हे आकडे डोक्यात बसत नाहीत.

माझ्याही बसत नव्हते, म्हणून रुपयांत करून पाहिले. डॉलर ८६ रुपयांचा धरला तर आइसला मिळालेले ७५ अब्ज म्हणजे जवळजवळ साडेसहा लाख कोटी रुपये. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प साधारण सात लाख कोटींचा. सगळे रस्ते, शाळा, पगार, लाडकी बहीण, सगळं त्यात आलं. अर्थात एकीकडे चार वर्षांची रक्कम आहे आणि दुसरीकडे एका वर्षाची, हे लक्षात ठेवून वाचा. दुसरी तुलना अमेरिकेतलीच. डिटेन्शनचे ४५ अब्ज चार वर्षांत वाटले तर वर्षाला ११ अब्जांहून जास्त होतात. अमेरिकेतले सगळे केंद्रीय तुरुंग मिळून वर्षाला इतका खर्च करत नाहीत.

सरकार ठप्प झालं तेव्हा आइस थांबली होती का?

नाही. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस सरकार बंद होतं. विमानतळावर तपासणी करणारे कर्मचारी बिनपगारी राबत होते, गरिबांच्या धान्यमदतीचे वांधे झाले. आइस आणि सीमा दलाच्या अधिकाऱ्यांना मात्र त्या जुलैच्या पैशांतून पगार मिळत राहिले.

एवढ्या पैशांचं होतं काय?

माणसं नेमतात. नव्या भरतीसाठी ५०,००० डॉलरपर्यंत बोनस जाहीर झाला आणि वयाची वरची मर्यादा काढून टाकली. विमानं भाड्याने घेतात. पण सर्वात मोठा भाग जातो खाटांवर. या धंद्यात माणसं मोजत नाहीत, 'बेड' मोजतात.

खाटांची ही भाषा जुनी आहे. २००९ च्या सुमारास काँग्रेसने आइसच्या विनियोजनात एक ओळ घातली, की रोज किमान ३३,४०० खाटा राखल्याच पाहिजेत. पुढे तो आकडा ३४,००० झाला. सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी ती घातली, आणि ते डेमोक्रॅट होते बरं का. खाटा राखायच्या म्हणजे भरायच्या, असा तिचा अर्थ अनेक वर्षं लावला गेला. २०१७ मध्ये ती ओळ गेली, पण मोजण्याची सवय राहिली. जानेवारी २०२५ मध्ये आइसच्या ताब्यात ३९,००० च्या आसपास माणसं होती, ऑगस्टपर्यंत ६०,००० च्या वर गेली, आणि वर्षअखेरीपर्यंत वाढत राहिली.

यातली बहुतेक माणसं खासगी कंपन्या चालवतात त्या केंद्रांत असतात, त्या कंपन्यांत जिओ ग्रुप आणि कोअरसिव्हिक या दोन मोठ्या. आमच्या जवळचं उदाहरण घ्या. नेवार्कच्या डोरेमस अव्हेन्यूवर डिलेनी हॉल आहे. तो रस्ता एरवी कोणी पाहायला जाणार नाही असा. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रक, गोदामं, सांडपाण्याचं मोठं केंद्र, शेजारी काउंटीचा तुरुंग. आपण मुंबईहून विमानाने उतरतो तो विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर. ही इमारत जिओ ग्रुपची. फेब्रुवारी २०२५ मध्ये आइसशी तिचा पंधरा वर्षांचा करार जाहीर झाला, साधारण १,००० खाटा आणि १ अब्ज डॉलर. मे महिन्यात ती सुरू झाली. त्याच महिन्यात शहराचे महापौर रास बराका यांना तिच्या फाटकाबाहेर अटक झाली, मग आरोप मागे घेतला गेला. जूनमध्ये आतली एक भिंत फोडून चौघे पळाले.

मी त्या रस्त्याने एका शनिवारी गेलो होतो. फाटकाबाहेर कुंपणाला लागून रांग होती. कडेवर मूल घेतलेली एक बाई, हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत कपडे आणि कागद. ट्रक गेला की सगळे तोंडावर हात धरत होते. पंधरा वर्षांचा करार म्हणजे कडेवरचं ते मूल हायस्कूलला जाईपर्यंत.

पण आत असतात ते गुन्हेगारच ना?

काही असतात. पण ताब्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही. आणि इमिग्रेशन डिटेन्शन ही कायद्याने शिक्षा नाहीच. ती दिवाणी बाब आहे, खटला संपेपर्यंत माणूस हाताशी राहावा म्हणून केलेली. फौजदारी नसल्यामुळे सरकारी वकील मिळत नाही. स्वतःच्या खर्चाने आणा, नाहीतर स्वतःच उभे राहा. २०२५ मध्ये आइसच्या ताब्यात झालेले मृत्यू २००४ नंतरचे सर्वाधिक होते.

निधी कापला तर आतल्या सगळ्यांना सोडून देतील का?

आपोआप नाही, आणि हे 'निधी कापा' म्हणणाऱ्यांनीही समजून घेतलं पाहिजे. १९९६ च्या कायद्याने काही लोकांना ताब्यात ठेवणं सक्तीचं केलं. जानेवारी २०२५ मधल्या लेकन रायली कायद्याने त्यात चोरीसारख्या गुन्ह्यांत नुसती अटक झालेल्यांचीही भर घातली. कायदा म्हणणार 'ठेवाच', तिजोरी म्हणणार 'पैसे नाहीत'. अशा वेळी यंत्रणा काय करते? एक तर तेवढ्याच जागेत जास्त माणसं कोंबते, नाहीतर दुसऱ्या खात्याचे पैसे ओढते. म्हणून निधी कापताना कायदाही बदलावा लागतो.

ताब्यात न ठेवण्याचे मार्ग आहेत आणि ते स्वस्त आहेत. एक माणूस एक दिवस डिटेन्शनमध्ये ठेवायला साधारण १५० डॉलर लागतात. फोनवरच्या ॲपने, हजेरीने किंवा पायातल्या मॉनिटरने लक्ष ठेवायला दिवसाला दहा डॉलरही लागत नाहीत. यातली मौज अशी, की ही देखरेख चालवणारी बीआय ही कंपनी जिओ ग्रुपचीच. कोठडीही त्यांची, पायातलं कडंही त्यांचंच.

'दुसऱ्या खात्याचे पैसे ओढते' म्हणजे? असं चालतं?

चालतं, आणि झालेलं आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात होमलँड सिक्युरिटी खात्याने आपल्याच इतर विभागांतून सुमारे २७ कोटी डॉलर इमिग्रेशनकडे वर्ग केले. त्यातले १५.५ कोटी आपत्ती मदतीच्या फेमाच्या निधीतले होते, तेही नेमके चक्रीवादळांच्या मोसमात. कपात करताना 'इथले पैसे तिथे वळवायचे नाहीत' ही ओळ लिहिली नाही तर कपात कागदावरच राहते. आपल्याकडे एका योजनेचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळवल्याच्या बातम्या वाचलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

पैसे कमी केल्याने काय होणार? पैशांवर अटी घालाव्यात ना?

बरोबर प्रश्न. माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे.

विनियोजन विधेयकात अटी घालता येतात. एक जुनी अट अशी: काँग्रेसच्या सदस्यांना डिटेन्शन केंद्रात अचानक जाऊन पाहण्यापासून अडवायला यातला पैसा वापरायचा नाही. छोटीशी ओळ, पण तिच्या जोरावर खासदार थेट फाटकावर जाऊन उभे राहू शकतात. २०२५ मध्ये खात्याने सात दिवस आधी कळवण्याची सक्ती केली. डिसेंबरमध्ये न्यायाधीश जिया कॉब यांनी ती रोखली. जानेवारी २०२६ मध्ये खात्याने तीच सक्ती पुन्हा आणली. युक्तिवाद काय, तर ही अंमलबजावणी आम्ही जुलैच्या कायद्याच्या पैशांतून करतो, आणि त्या पैशांना ती अट लागूच नाही!

हे वाचलं तेव्हा एकरकमी पैशांचा पूर्ण अर्थ मला कळला. अंदाजपत्रकाच्या बाहेरून पैसा मिळाला की अंदाजपत्रकाला जोडलेल्या अटीही गळून पडतात.

त्याच जानेवारी महिन्यात मिनियापोलिसमध्ये केंद्रीय एजंटांच्या गोळीबारात दोन अमेरिकी नागरिक मरण पावले. त्यानंतर सिनेटमधल्या डेमोक्रॅट्सनी होमलँड सिक्युरिटीच्या विनियोजनाला मत द्यायला नकार दिला. तोंडावरचे मुखवटे उतरवा, अंगावर कॅमेरे लावा, घरात शिरायचं तर न्यायाधीशाचं वॉरंट आणा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मागण्या मला पटतात. पण त्या ज्या पैशाला बांधायच्या तो पैसा आधीच देऊन झालेला आहे.

मग जुलैचे ते पैसे परत घेता येत नाहीत का?

येतात, जे खर्ची पडलेले नाहीत ते. काँग्रेसने दुसरा कायदा करून रक्कम रद्द करायची. हे हवेतलं नाही. त्याच जुलै २०२५ मध्ये परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर झालेले ९ अब्ज डॉलर काँग्रेसने असेच परत घेतले, साध्या बहुमताने. मात्र ती सोपी वाट राष्ट्रपतींनी स्वतः तसा प्रस्ताव पाठवला तरच उघडते. एरवी साधा कायदा करायचा तर अडचण त्यांच्या सहीची. नकाराधिकार ओलांडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात, तेवढी आज कोणाकडेच नाहीत. दरम्यान जितके पंधरा-पंधरा वर्षांचे करार होतील तितकं परत घेण्यासारखं कमी उरत जाईल.

कपात कुठे झालीच नाही का?

झाली की. मार्च २०२५ मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्यातलं नागरी हक्कांचं कार्यालय आणि डिटेन्शनमधल्या तक्रारी पाहणाऱ्या लोकपालाचं कार्यालय जवळजवळ मोडीत काढलं. इमिग्रेशन न्यायालयांत ३० लाखांहून जास्त खटले तुंबलेत, तरी त्याच जुलैच्या कायद्याने नोव्हेंबर २०२८ पासून न्यायाधीशांची संख्या ८०० च्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. कोठड्यांना चार वर्षांची बेगमी आणि न्यायाधीशांना मर्यादा. माणूस आत लवकर जाणार आणि तारीख उशिरा मिळणार. 'पैसे वाचवायचे' म्हणणारे या ओळीवर गप्प का असतात, हे मला समजलेलं नाही.

आइस बंद झाली तर मानवी तस्करी, ड्रग्ज यांच्यामागे कोण लागणार?

आइसमध्ये दोन मोठे विभाग आहेत. 'ईआरओ' धरपकड, डिटेन्शन आणि हद्दपारी बघतो. 'एचएसआय' तस्करी, बालशोषण, आर्थिक गुन्ह्यांचे तपास करतो. निधी कापण्याची मागणी बहुतेक वेळा पहिल्याबद्दल असते. २०१८ मध्ये एचएसआयच्याच काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मंत्र्यांना पत्र लिहून आम्हाला हद्दपारीवाल्यांपासून वेगळं करा असं सुचवलं होतं. सरसकट 'आइस बंद करा' म्हणणाऱ्यांशी माझं इथे जुळत नाही. कुठल्या ओळीवर काट मारायची ते आधी सांगा.

माझा एच-वन-बी, ग्रीन कार्ड अडकेल का?

नाही. यूएससीआयएस जवळजवळ पूर्णपणे तुम्ही-आम्ही भरलेल्या फीवर चालते.

एक गंमत मात्र आहे. एफ-वन या विद्यार्थी व्हिसासाठी मुलं जी ३५० डॉलरची सेव्हिस फी भरतात, ती सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा आइसची. पुण्यात बसून भाच्याच्या कार्डावरून आपण जी फी भरतो, ती आइसच्याच एका विभागाला जाते.

राज्य किंवा शहर काही करू शकतं का?

थोडंफार. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये आणि न्यू जर्सीने २०२१ मध्ये खासगी डिटेन्शन केंद्रांविरुद्ध कायदे केले, दोन्ही केंद्रीय न्यायालयांत टिकले नाहीत. राज्याने केंद्राच्या कंत्राटदाराला अडवायचं नाही, असा निकालाचा सारांश. पण स्वतःचा तुरुंग भाड्याने द्यायचा की नाही हे काउंटीच्या हातात असतं. एसेक्स, हडसन आणि बर्गन काउंटींनी २०२१ मध्ये आइसशी असलेले आपले करार संपवले. त्यातून धडाही मिळाला. आत असलेल्यांपैकी काहींना सोडण्याऐवजी लांबच्या केंद्रांत हलवलं, घरच्यांपासून आणि वकिलांपासून दूर. आणि चार वर्षांत डोरेमस अव्हेन्यूवर पुन्हा १,००० खाटा आल्या.

आपण कायदेशीर आलोय. आपल्याला काय त्याचं?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, तोही बहुतेक जेवण झाल्यावर, बडीशेप चघळत.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे, आणि तिघे महाराष्ट्राचे. 'ते वेगळे, आपण वेगळे' म्हणणं सोपं आहे. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आइसने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी एकाएकी रद्द केल्या, काहींच्या तर जुन्या वाहतूक दंडावरून. त्यात कायदेशीर आलेली, फी भरलेली, वर्गात बसलेली भारतीय मुलं पुष्कळ होती. खटले झाले तेव्हा नोंदी परत आल्या. आमच्या ओळखीतला एक मुलगा ते तीन आठवडे घराबाहेर पडला नव्हता. त्याची आई सोलापूरहून रोज फोन करायची आणि तो तिला 'हो, कॉलेजला जाऊन आलो' असं सांगायचा.

मी नागरिक नाही. मला काही करता येतं का?

मत देता येत नाही. ग्रीन कार्ड नसेल तर उमेदवाराला वर्गणीही द्यायची नाही, तो गुन्हा आहे. पण तुमच्या भागाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करायला नागरिकत्व लागत नाही. विनियोजनाची कामं वसंतात समितीत सुरू होतात, तेव्हा केलेला फोन सप्टेंबरमधल्या फोनपेक्षा कामाचा. 'आइसचे पैसे बंद करा' एवढंच म्हणू नका, पलीकडचा पोरगा नोंदवून घेईल आणि विसरेल. जुलै २०२५ च्या कायद्यातली न खर्चलेली डिटेन्शनची रक्कम रद्द करा, आणि खासदारांच्या भेटीची अट त्या पैशालाही लावा, असं सांगा. नाव नाही सांगितलं तरी चालतं. झिप कोड मात्र विचारतात, तो तयार ठेवा.